फावल्या वेळाची मजुरी

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमची आजी वाती वळायला बसे. कपाशीचा पहिला वेचा नुकताच घरात आलेला असे. त्यातला ओंजळ-दोन ओंजळी कापूस ती आधीच बाजूला काढून ठेवी. सरकी नखाने सोडवी, कापूस बोटांनी पिंजून मऊ करी आणि चिमूटभर राख बोटांना लावून वाती वळी. घरच्या पणत्यांना लागत त्याच्या दसपट वाती होत. उरलेल्या बाजारातल्या दुकानदाराकडे शेकड्याच्या भावाने जात आणि त्या पैशांच्या आम्हा नातवंडांना फुलबाज्या येत. वळताना ती बोलत नसे. ओठ मात्र सारखे हालत असत, आणि मधूनच एक चिंचोका उचलून ती परातीत टाकी. मी एकदा शेजारी बसून मोजत राहिलो. शंभर वाती झाल्या, चिंचोका पडला नाही. सव्वाशे झाल्या, तरी नाही. एकशेसाठावी वात खाली ठेवली आणि चिंचोका परातीत वाजला.

“शंभरावर काऊन नाही टाकत वं आजी?”

“लडी एकशेसाठाची रायते लेका. शंभराची लडी कोनं पायली?”

दुकानदार शंभराने मोजणारा आणि आजी एकशेसाठाने. त्यामुळे दर दिवाळीला त्या दोघांची हुज्जत ठरलेली. शेवटी हिशेब आमचे वडील करून देत. मला त्या वेळी एवढेच कळले, की आजीचे गणित काही निराळे आहे. वातीची लडी होत नाही, लडी सुताची होते, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. चार फुटांचा एक फेरा म्हणजे एक तार. एकशेसाठ तारांची एक लडी. चार लड्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. एका गुंडीत सुमारे साडेआठशे वार सूत. आजीने लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षे संघाचे सूत कातले होते. संघ म्हणजे चरखा संघ. नागपूरच्या इतक्या जवळ राहणाऱ्या माणसाला एवढा खुलासा करावाच लागतो. चरखा सुटून चाळीस वर्षे झाली होती, पण बोटांना आणि ओठांना मोजणी सुटली नव्हती.

त्या मोजणीचा इतिहास यंदाच्या दिवाळीला सांगावा असे मनात आले, त्याला कारण आहे. मी शाळेत कार्यानुभवाचे तास घेतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. तासाचे पैसे तासावर मिळतात. सुट्टीचे, आजारपणाचे आणि मे महिन्याचे मिळत नाहीत. कादंबरीचे काय मिळते, ते सणासुदीला न बोललेले बरे. उरलेली भर मुद्रिते तपासून आणि लग्नपत्रिकांचा मजकूर लिहून घालतो; ती मजुरी पानावर. तेव्हा हा विषय मला ग्रंथालयात सुचलेला नाही.

अशा कामाला हल्ली शहरात ‘गिग’ म्हणतात. हा शब्द मुळात जॅझ वाजवणाऱ्या अमेरिकन वादकांच्या बोलीतला. एका रात्रीचे वाजवण्याचे काम, ते त्यांचे गिग. आपल्याकडे त्याला फार चांगला शब्द होता, तो म्हणजे सुपारी. बँडवाला लग्नाची सुपारी घेई, तमाशाचा फड जत्रेची सुपारी घेई. सुपारी घेतली की त्या दिवसापुरते बांधले गेलो, दुसऱ्या दिवशी मोकळे. पुढे मुंबईच्या मारेकऱ्यांनी हा शब्द बाटवला आणि सभ्य माणसांना तो वापरता येईनासा झाला, याचे मला खरोखर वाईट वाटते. गावगाड्यात सुपारीच्या उलट टोकाला बलुते असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात बलुतेदारांचे आणि गावोगाव फिरणाऱ्या फिरस्त्यांचे जे वर्णन आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. बलुतेदाराला कामागणिक पैसा नसे, पण खळ्यावर त्याचा वाटा असे. तो वाटा किती अपमानाने पदरात पडे, हे ज्यांना घ्यावा लागला त्यांनाच ठाऊक. म्हणून बलुत्याचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. या दोन टोकांच्या मध्ये मात्र एक तिसरा प्रकार होता, आणि त्याला ना कधी नीट नाव मिळाले, ना मान. घरच्या बाईने घरचे सगळे आवरून, उरलेल्या वेळात करायचे काम. आपण त्याला जोडधंदा म्हणतो. जोडायचा कशाला, तर नवऱ्याच्या धंद्याला.

वर्ध्याकडच्या बायकांचा असा जोडधंदा पिढ्यान्‌पिढ्या सूतकताईचा होता. हिंगणघाटचा कापूस हे एके काळी व्यापारात नाव होते. घरी रेच्यावर सरकी काढायची, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यायचा, त्याचे पेळू करायचे, ते कातायचे आणि सूत कोष्ट्याच्या किंवा महाराच्या मागावर द्यायचे. जाडेभरडे कापड विणण्यात आमच्याकडच्या महार विणकरांचा हात धरणारे कोणी नव्हते. मग १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि साहेबाचे लक्ष आमच्या काळ्या मातीकडे गेले. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६२ साली. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसले ते १८६६ साली. आणि १८६७ साली आगगाडी आमच्यावरून नागपूरला पोचली. हे तिन्ही सन एकमेकांना इतके चिकटून आहेत ते काही योगायोगाने नव्हे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी सरकारने रिव्हेट-कार्नॅक नावाचा एक खास कापूस-कमिशनर नेमला होता. कापूस इकडून जावा आणि कापड तिकडून यावे, हा त्या कारभाराचा उघड हेतू. पुढे वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीकडे फाटा गेला. जिन आले, प्रेस आले. घरचा रेचा माळ्यावर गेला, आणि रेच्यामागोमाग चरखा.

गिरण्याही आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पुढे हिंगणघाट आणि पुलगाव येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीत हाल होते, धूळ होती, तासन्‌तास उभे राहणे होते. पण मजुराचे नाव हजेरीपटावर असे. एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ साली पेन्शन फंड काढला आणि १८९५ साली अपघाताची भरपाई देण्याची सोय केली, हे त्या काळाच्या मानाने फार मोठे पाऊल. हजेरीपटावर नाव आहे म्हणून हे शक्य झाले. घरी बसून कातणाऱ्या बाईचे नाव कुठल्याच पटावर नव्हते. तिचा धंदा बुडाला तेव्हा तो बुडाल्याची नोंद तरी कोण करणार?

या बाईला पुन्हा काम मिळवून देण्याचे श्रेय गांधीजींचे, यात शंका नाही. गंगाबेन मजमुदार या विधवा बाईंनी बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी माळ्यावर पडलेले चरखे शोधून काढले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. गांधीजींचा हिशेब साधा होता. हिंदुस्थानातला शेतकरी वर्षातले निदान चार महिने रिकामा असतो. त्या रिकाम्या वेळात त्याने कातावे. मिळतील ते चार पैसे वरचे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. तिथे असे ठरले, की काँग्रेसच्या सभासदाने वर्गणीदाखल महिन्याला दोन हजार वार सूत द्यावे. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९२५ मध्ये, पाटण्याला अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. मग कातणारे दोन प्रकारचे झाले. एक यज्ञार्थ कातणारे, म्हणजे वकील, प्राध्यापक, पुढारी. ते अर्धा तास कातत आणि त्याने त्यांचे चित्त शुद्ध होई. दुसऱ्या पोटार्थ कातणाऱ्या. त्या पाच-सहा तास कातत आणि त्यांच्या चित्ताची चौकशी सहसा कोणी करीत नसे.

मी हे कुत्सितपणाने लिहीत नाही. यज्ञार्थ कातणाऱ्यांत खरी तळमळ असलेली माणसे होती. पण ‘फावला वेळ’ या दोन शब्दांत एक गफलत दडलेली होती, आणि ती दहा वर्षे फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. आमच्याकडे जमीन कोरडवाहू. कपाशी, ज्वारी, तूर. फाल्गुनानंतर पुरुष माणूस खरोखरच पारावर बसलेला दिसे. मृगापर्यंत त्याला काम नाही. चरखा फिरवीत होत्या मात्र बहुतेक बायका. आणि बाईला फाल्गुनात काय फावले होते? उन्हाळ्यात विहीर खोल जाते, पाण्याच्या खेपा वाढतात. डाळी करायच्या, शेवया करायच्या, गोवऱ्या थापायच्या, घर सारवायचे. आजी म्हणे, “दिवा लावल्यावर कातत होतो आमी. दिवसा कोन बसू देते?” म्हणजे फावला वेळ हा झोपेतून कापून काढलेला होता. पण एकदा त्याला फावला म्हटले, की त्याची किंमत थोडी धरायला कोणालाच चुकल्यासारखे वाटत नाही. नाहीतरी वेळ वायाच जात होता, त्याचे आणा-दीड आणा मिळतोय, हे काय कमी झाले?

चरखा सुधारावा म्हणजे मजुरी आपोआप वाढेल, असा एक विचार होता. १९२९ साली चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालले पाहिजे. बाईला आठ तास न दमता चालवता आले पाहिजे. आठ तासांत त्यावर बारा ते वीस नंबरचे सोळा हजार फूट सूत निघाले पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. आणि ते वीस वर्षे टिकले पाहिजे. आपल्या किर्लोस्करवाडीत तयार झालेले काळे यांचे यंत्र परीक्षेपर्यंत पोचले होते. पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही. लाख रुपये तसेच राहिले आणि बाई पूर्वीच्याच चरख्यावर कातीत राहिली.

आणि मग १९३५ साल उजाडले. माझ्या मते वर्धा जिल्ह्याच्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे साल. पण शाळेच्या पुस्तकात ते नाही. १९३० आहे, १९४२ आहे, १९३५ नाही. गांधीजी तेव्हा वर्ध्याला येऊन राहिले होते. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला ग्रामोद्योगाच्या कामाला दिला, त्याला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी नाव पडले. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यालाच अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि जे. सी. कुमारप्पा हिशेबाच्या वह्या घेऊन मगनवाडीत बसले होते. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, हातकागद, मधमाश्या, असे एकेक काम पुढे येऊ लागले. गावच्या माणसाला यातून मिळते काय, हा प्रश्न तिथे रोज समोर येई. गांधीजींनी कार्यकर्त्यांपुढे एक विचारणा टाकली: जे काम आपण गावकऱ्यांकडून करून घेतो, त्याला आठ तासांची किमान आठ आणे मजुरी ठरवावी काय? आणि ती बाईला आणि पुरुषाला सारखी असावी काय?

आठ तासांचे आठ आणे म्हणजे तासाचा एक आणा. मागणी एवढीच होती. पण तिने खादीच्या सगळ्या गणिताला धक्का दिला. तोवर सगळी धडपड खादी स्वस्त कशी होईल याची होती. ही स्वस्ताई कातणारीच्या पदरातून आलेली आहे, हे गांधीजींनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगून टाकले. स्वतःच्या लाडक्या चळवळीबद्दल असे बोलणारा पुढारी मला तरी दुसरा माहीत नाही.

कार्यकर्ते हादरले. त्यांचे म्हणणे काही स्वार्थाचे नव्हते. खादी आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग. मजुरी वाढवली तर ती आणखी महाग होणार. खप घटेल, भांडारे ओस पडतील, आणि ज्या बाईला आज आणा-दीड आणा मिळतो तिला उद्या तोही मिळणार नाही. तिच्या भल्यासाठी म्हणून तिचाच घास काढायचा? वाचकांनी हा युक्तिवाद जरा मनात ठेवावा. तो मी पुन्हा ऐकला, नव्वद वर्षांनी, पण त्याकडे नंतर येतो.

ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघाचे मंडळ वर्ध्याला बसले आणि त्याने ठराव केला. सध्याची मजुरी अपुरी आहे. कातणाऱ्याला आठ तासांच्या नीट केलेल्या कामाबद्दल इतके मिळाले पाहिजे, की त्यात शास्त्राप्रमाणे लागणारे अन्न आणि वर्षाचे वीस वार कापड भागेल. शब्द पाहावेत. बाजारात काय भाव आहे, हे विचारलेले नाही. दुसरे कोणी किती कमी दरात कातायला तयार आहे, हेही विचारलेले नाही. माणसाला जगायला काय लागते, तिथून मोजायला सुरुवात केली आहे. आपल्या देशात किमान वेतनाचा कायदा झाला तो १९४८ साली. त्याच्या तेरा वर्षे आधी हा ठराव आमच्या गावात झाला.

याच सुमारास विनोबा वर्ध्याजवळ नालवाडीला राहत होते. बोलण्यापेक्षा करून पाहावे, हा त्यांचा स्वभाव. कताईच्या मजुरीवर जगता येते का, याची त्यांनी स्वतःवर परीक्षा घेतली. रोज चार गुंड्या सूत काढायचे आणि त्याची जी मजुरी होईल तिच्यात भागवायचे. चार गुंड्या म्हणजे २,५६० तार. विनोबांसारख्या सरावलेल्या हाताला त्यासाठी आठ-नऊ तास लागत. एवढा वेळ कातून जे हाती येई, त्यात एका ब्रह्मचाऱ्याचे पोटही जेमतेम भरत होते. ज्या बाईच्या पाठीशी चार लेकरे आहेत तिचे काय? वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू, ज्यांनी चांगली चालणारी वकिली सोडून खादीच्या हिशेबाला वाहून घेतले, त्यांच्यासारख्या माणसांनी मग हा ठराव दरपत्रकात उतरवण्याचे चिवट काम केले. दर वाढले, तरी एकदम आठ आण्यांवर गेले नाहीत. टप्प्याटप्प्याने चढत गेले. त्याबरोबर सुताची परीक्षा कडक झाली आणि कातणाऱ्यांनी स्वतः खादी वापरावी, असाही आग्रह आला.

या शेवटच्या कलमाबद्दल आजीचे मत निराळे होते. “पैशे देत, मंग त्यातलेच कापून लुगडं देत,” ती म्हणे. “अन्‌ ते लुगडं असं जड, वलं झालं का दोघींनी पियाव लागे.” सूत घ्यायला येणारा माणूस तार ओढून पाही, तुटली की तोंड वाकडे करी आणि गुंडी परत देई. आजी त्याच्याशी भांडे. एकदा परत आलेली गुंडी तिने रात्रीतून पाण्यात पिळून, वाळवून, पुन्हा त्याच माणसाला चांगल्या दराने दिली, असे ती सांगत असे. ते खरे किती, देव जाणे. पण त्या पैशांबद्दल बोलताना ती ‘माहे पैशे’ म्हणे. घरात दुसरा कुठलाही पैसा तिचा नव्हता. शेत आजोबांचे, ज्वारी आजोबांची, कापसाचा चुकारा आजोबांच्या हाती. दिवा लावल्यावर झोप मोडून मिळवलेला तो आणा तेवढा तिचा. जोडधंद्याची ही बाजू विसरून चालणार नाही, म्हणून ती इथे सांगितली.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट थोडक्यात उरकतो. तामिळनाडूतल्या एकंबरनाथन यांनी १९४९ च्या सुमारास अंबर चरखा तयार केला. १९५५ साली पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या समितीने गावच्या उद्योगांच्या बाजूने कौल दिला. अंबरच्या योजना निघाल्या, खादी आयोग आला. काही वर्षे हुरूप टिकला. पुढे टेरिलीन आले आणि आमच्या गावच्या बायकांचे सूत घ्यायला माणूस यायचा बंद झाला. आज मगनवाडीत ग्रामीण औद्योगिकीकरणाची सरकारी संस्था आहे आणि १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींनी उघडलेले मगन संग्रहालयही आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जावे. गोपुरीत खादी अजून निघते. गावच्या बाया मात्र आता कापूस कातीत नाहीत, फक्त वेचतात. सीतादहीची पूजा करायची, ओटी बांधायची आणि ओळीत शिरायचे. पूर्वी वेचलेल्या कापसातलाच वाटा मजुरी म्हणून मिळे, आता किलोवर पैसे. सकाळी दव असते तेव्हा कापूस वजनाला भरतो, म्हणून बाया लवकर निघतात, आणि त्याच कारणासाठी मालक उशिरा या म्हणतो.

आता राहिलेला युक्तिवाद. माझा एक जुना विद्यार्थी वर्ध्यात मोटारसायकलवर घरोघर खाण्याचे डबे आणि पार्सले पोचवतो. हुशार मुलगा, पदवीधर. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. नाव बदलले तरी हकीकत बदलत नाही. कंपनी त्याला नोकर म्हणत नाही, भागीदार म्हणते. फेरीला अमुक पैसे, ते मोबाइलवर दिसतात आणि एखाद्या सकाळी न विचारता कमी होतात. मागे एकदा कोणा गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि याचे खाते तीन दिवस बंद पडले. तक्रार काय होती, कोणी केली, विचारायचे कोणाला? मोबाइलवर ठरावीक उत्तरे येत राहिली. तो मला म्हणाला, “सर, समोर माणूस असता तर भांडलो तरी असतो.” मला आजीची परत आलेली गुंडी आठवली.

असे लोक थोडेथोडके नाहीत. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात असे ७७ लाख कामगार असल्याचा अंदाज आहे, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असे म्हटले आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना प्रथमच कायद्यात नाव दिले. मालक-नोकराच्या रूढ नात्याबाहेर काम करणारा, अशी त्यांची ओळख लिहिली. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या निधीला द्यावी, असेही त्यात आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. विमा, आजारपण, म्हातारपण यांचा विचार झाला, हे चांगलेच झाले. पण तासाला किमान किती, हे १९३५ चे कलम तिच्यात नाही. इंग्लंडात फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना किमान वेतनाचा हक्क आहे असे ठरवले. आपल्याकडे तो विषय निघाला की दूरदर्शन संचावरचे जाणकार काय सांगतात? दर वाढवले तर डबा महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल, आणि ज्या पोराला आज चार पैसे मिळतात त्याला तेही मिळणार नाहीत. शिवाय हे काही त्यांचे मुख्य काम नव्हे, फावल्या वेळात करतात. हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा क्षणभर वाटले, खादी कार्यकर्त्यांचे जुने पत्रच कोणी वाचून दाखवीत आहे. फरक एवढाच, की त्या कार्यकर्त्यांना समोर बसून उत्तर देणारा माणूस मगनवाडीत राहत होता. आणि माझ्या विद्यार्थ्याचा फावला वेळ सकाळी दहाला सुरू होऊन रात्री अकराला संपतो.

शाळेत माझ्या वाट्याला जो कार्यानुभव हा विषय आहे, त्याचे मूळही इथलेच. कोठारी आयोगाने त्याला हे नाव दिले. पण त्याच्या आधी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली होती. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम केला. त्या परिषदेच्या ठरावात एक अपेक्षा नोंदलेली आहे. मुलांच्या हातून जे उत्पन्न होईल, त्यातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात मी आजीची टकळी नेली होती. पेळू गोपुरीहून आणले. दोन-चार मुलींच्या हातांना सूत लगेच आले. मुलांनी टकळीचा भोवराच केला. मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, “सर, याचे पैसे भेटतात काय?” मी परिषदेची गोष्ट सांगितली. तुम्ही कातायचे आणि त्यातून माझा पगार काढायचा, असे एकदा ठरले होते, म्हटल्यावर वर्ग खो-खो हसला. मग एका मुलीने विचारले, सरांचा पगार किती? मी खरा आकडा सांगितला, तासाचा. वर्ग जरा गप्प झाला. फळ्यावर गुंडीचे कोष्टक होतेच: एकशेसाठ, चोक सहाशेचाळीस. मुलांनी वह्या काढल्या. वर्गात बेचाळीस जण, टकळीवर तासाला एकाचे शंभर तार धरू या, असे त्यांचे त्यांनीच ठरवले. बेचाळीसशे तार म्हणजे साडेसहा गुंड्या आणि वर थोडे. गुंडीला आता काय भाव धरायचा, यावर वाद पेटला. कोणी म्हणाले बाजारात विचारू, कोणी म्हणाले सरांना काय लागते ते आधी विचारू. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.